फक्त स्पायनोसॉरस: एकाच प्रजातीच्या फिगर जमवणं आणि पारखणं

पाठकणा

डायनासोरच्या खेळण्यांवर इथे अधूनमधून चर्चा होते, पण ती बहुतेकदा "भाच्याच्या वाढदिवसाला कुठलं घेऊ" इथे सुरू होते आणि तिथेच संपते. हा धागा मोठ्या माणसांच्या संग्रहाविषयी आहे, आणि तोही एकाच प्राण्याच्या. मी फक्त स्पायनोसॉरस, म्हणजे पाठीवर शीड असलेला मांसाहारी डायनासोर, जमवतो. घरी येणारा जो तो विचारतो की एकाच प्राण्याच्या इतक्या फिगर कशासाठी. उत्तर लांबलचक आहे, म्हणून सवडीने लिहितोय.

टी-रेक्सची तीस वर्षांपूर्वीची एक आणि आजची एक बरी फिगर शेजारीशेजारी ठेवा. ठेवण बदललेली दिसेल, पण प्राणी तोच आहे हे लहान मूलही सांगेल. स्पायनोसॉरसच्या तीन-चार काळांतल्या फिगर ओळीने लावल्या तर मात्र नातेवाईकही वाटत नाहीत. डोकं वेगळं, पाय वेगळे, शेपूट वेगळी. पाठीवरचं शीड तेवढं सगळ्यांना आहे.

याचं कारण हाडांच्या इतिहासात आहे. १९१२ साली इजिप्तमधल्या बहारिया मरूद्यानात या प्राण्याचे अवशेष मिळाले आणि एर्न्स्ट श्ट्रोमर या जर्मन शास्त्रज्ञाने १९१५ मध्ये त्याला स्पायनोसॉरस इजिप्टिॲकस असं नाव दिलं. हाती होता खालच्या जबड्याचा भाग, काही मणके आणि मणक्यांवरचे ते प्रचंड काटे. सर्वांत लांब काटा सुमारे १.६५ मीटरचा. हे सगळं म्युनिकच्या संग्रहालयात होतं. युद्ध सुरू झाल्यावर संग्रह सुरक्षित जागी हलवा म्हणून श्ट्रोमर विनवत राहिले, संचालकाने ऐकलं नाही. २४-२५ एप्रिल १९४४ च्या रात्री ब्रिटिश विमानांच्या बॉम्बहल्ल्यात इमारतीबरोबर ती हाडंही गेली. मागे राहिली श्ट्रोमर यांची रेखाटनं, वर्णनं आणि थोडे फोटो. हा प्रसंग मी कितीदा वाचला असेल, दर वेळी तेवढाच त्रास होतो.

त्यामुळे पुढची कित्येक दशकं खेळणी बनवणाऱ्यांकडे होतं एक शीड आणि एक जबडा. बाकीचं शरीर त्यांनी ॲलोसॉरससारख्या ठरावीक मांसाहारी डायनासोरचं घेतलं. माझ्याकडे जत्रेतला एक पोकळ प्लास्टिकचा नमुना आहे, कंपनीचं नाव नाही. डोकं चौकोनी, दात मोजून सहा, शेपूट जमिनीला टेकलेली, आणि शीड इतकं पातळ की उजेडात धरलं तर बोट आरपार दिसतं. आज तो बघून हसणारे भेटतात. पण उभं राहून शेपूट टेकवणारा हाच अवतार १९३६ मध्ये श्ट्रोमर यांनीही रेखाटला होता. त्या खेळण्यात त्या काळाची समजूत आहे.

डोकं बदललं ते बॅरिओनिक्स या दुसऱ्या डायनासोरमुळे. १९८३ मध्ये इंग्लंडच्या सरे परगण्यात एका मातीच्या खाणीत भलीमोठी नखी मिळाली, १९८६ मध्ये प्राण्याला नाव मिळालं. लांब, मगरीसारखं तोंड आणि मासे खाल्ल्याचे पुरावे. स्पायनोसॉरस त्याच घराण्यातला आहे हे पटल्यावर त्याचंही तोंड लांबलं. २००१ मध्ये हॉलिवूडच्या एका गाजलेल्या मालिकेतल्या तिसऱ्या चित्रपटात त्याने टी-रेक्सला लोळवलं आणि तो घरोघरी पोचला. हॅस्ब्रोने त्या चित्रपटाची खेळणी काढली, आणि त्यानंतर बराच काळ बाजारातल्या बहुतेक फिगर त्याच साच्यातल्या: लांब भक्कम मागचे पाय, अर्धगोल शीड, निमुळती शेपूट. फ्रान्सच्या पापो कंपनीचा जुना स्पायनोसॉरस याच वळणाचा आहे. कातडीचं काम आणि हलणारा जबडा यांसाठी तो आजही हातात घ्यावासा वाटतो.

मग २०१४ आलं. निझार इब्राहिम आणि सहकाऱ्यांनी मोरोक्कोतल्या केम केम खडकांतून मिळालेल्या नव्या सांगाड्यावर शोधनिबंध लिहिला. मागचे पाय आखूड, कंबर लहान, हाडं भरीव. संग्राहकांमध्ये खळबळ उडाली, कारण एका निबंधाने सगळ्यांची कपाटं जुनी झाली. कंपन्यांनी नवे साचे काढले. सफारी कंपनीने २०१९ मध्ये आखूड पायांचा स्पायनोसॉरस आणला आणि लगेच पुढच्या वर्षी, एप्रिल २०२० मध्ये, त्याच सांगाड्याची शेपूट प्रसिद्ध झाली: वर-खाली उंच, चपटी, वल्ह्यासारखी. त्या आकाराच्या प्लास्टिकच्या शेपट्या पाण्यात हलवून पाहिल्या तेव्हा इतर मांसाहारी डायनासोरांच्या शेपटीपेक्षा कितीतरी जास्त रेटा मिळाला. नवी शेपूट घेऊन आलेल्यांत चीनच्या पीएनएसओ कंपनीचा "एसियन" मला सगळ्यांत आवडतो.

परीक्षणाची माझी पद्धत सांगतो. आधी पोट उलटं करून शिक्का वाचायचा. बऱ्याच कंपन्या नाव आणि वर्ष पोटावर किंवा तळपायावर ठसवतात. मग त्या वर्षापर्यंत जे माहीत होतं, त्यावर फिगर तपासायची. २०१० च्या फिगरला शेपटीवरून गुण कापणं मला अन्यायाचं वाटतं. पण तळहात जमिनीकडे वळवलेले असतील तर तिथे मी सूट देत नाही. मांसाहारी डायनासोरांचे तळवे एकमेकांसमोर असत, टाळी वाजवताना असतात तसे, आणि हे बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. तेच नाकपुड्यांचं. २००५ मध्ये मिलानच्या संग्रहालयातल्या मोठ्या थोबाडाचं वर्णन आलं तेव्हापासून नाकपुड्या लहान आणि डोळ्यांच्या बाजूला सरकलेल्या आहेत हे स्पष्ट आहे. तरी नव्या फिगरमध्येही त्या मगरीसारख्या टोकाला दिसतात. डोळ्यांच्या पुढ्यात एक छोटा तुरा हवा, तोही पाहतो.

सगळ्यांत जास्त वेळ मी पावलांवर घालवतो. बहुतेक मांसाहारी डायनासोर तीन बोटांवर उभे राहत, चौथं छोटं बोट वर लटकलेलं असे. स्पायनोसॉरसचं ते बोट लांब आहे आणि जमिनीला टेकतं. नख्यांचा तळ सपाट आहे. म्हणजे चिखलात पाऊल पसरून चालणारा प्राणी. ज्या कारागिराने हे बोट नीट टेकवलंय, त्याने निबंध मन लावून वाचलाय असं मी समजतो. दुकानात फिगर हातात आली की आधी तिथे बघा.

तुमच्याकडच्या फिगर इथे टाका. कुठल्याही दर्जाच्या चालतील.

चिंचेचंबोट

धागा आवडला, पण एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. मी प्राथमिक शाळेत शिकवते. "त्या काळाची समजूत" हे मोठ्यांच्या कपाटात ठीक आहे. वर्गात मात्र चुकीचं मॉडेल मुलांच्या डोक्यात कायमचं बसतं. शेपूट टेकवून उभा असलेला डायनासोर एकदा हातात घेऊन खेळलं की पुस्तकातलं चित्र मागे पडतं, हात जे शिकतो ते टिकतं. मी तरी वर्गासाठी नवीनच फिगर घेईन आणि जुन्या लांब ठेवेन.

आणखी एक. शीड असलेलं काहीही दिसलं की दुकानदार स्पायनोसॉरस म्हणून देतात. पिशवीतल्या स्वस्त संचात तर हमखास डायमेट्रोडॉन निघतो. तो डायनासोरच नाही, डायनासोरांच्या कितीतरी आधी होऊन गेला आणि सस्तन प्राण्यांच्या जवळच्या शाखेतला आहे. चार आडवे पसरलेले पाय आणि आखूड थोराड डोकं दिसलं की ओळखावं.

पाठकणा

चिंचेचंबोट, तुमची काळजी योग्य आहे आणि एकच फिगर घ्यायची असेल तर मीही नवीच घ्या म्हणेन. पण वर्गात तिन्ही काळांच्या एकदम ठेवून बघा ना. "यातला खरा कुठला?" असं विचारलं की मुलं आपोआप हाडांकडे वळतात: हे कशावरून ठरवलं, पाय आखूड केले ते का? एकट्या नव्या फिगरने हा प्रश्न पडत नाही. आज आपण ज्याला बरोबर म्हणतोय त्याच्या पुढच्या पायांची हाडं फारच थोडी मिळाली आहेत, हेही मुलांना सांगता येतं. म्हणजे नव्यात नवी फिगरही काही ठिकाणी अंदाजाने घडवलेली आहे.

डायमेट्रोडॉनबद्दल पूर्ण सहमत.

मिशिगनकाठ

शिकागोहून लिहितेय. इथल्या फील्ड म्युझियमच्या मुख्य दालनात २०२३ पासून स्पायनोसॉरसच्या सांगाड्याची प्रतिकृती टांगली आहे. ४६ फूट लांब, पोहतानाच्या पवित्र्यात, डोक्याच्या वर. लेकीला घेऊन गेले होते. तिच्या हातात तिचा लाडका खेळण्यातला स्पायनोसॉरस, चित्रपटातल्या वळणाचा. ती खाली उभी राहून एकदा वर बघायची, एकदा हातात, आणि मग म्हणाली, "आई, याचे पाय खूप मोठे केलेत." मला तोवर लक्षातच आलं नव्हतं. खालून बघताना धड आणि शेपटीच्या मानाने मागचे पाय खरोखर इवलेसे दिसतात. शीडही कागदी पंख्यासारखं नाहीये, एकेक काटा फळीएवढा रुंद आहे.

मला विचारायचं होतं की तो पोहायचा हे आता नक्की झालंय का? कारण काही फिगर पोहताना आहेत, काही काठावर उभ्या.

पाठकणा

किती छान निरीक्षण! लेकीला माझ्याकडून शाबासकी सांगा.

नक्की झालेलं नाही, आणि वाद जोरात आहे. २०२१ मध्ये डेव्हिड होन आणि थॉमस होल्ट्झ यांनी मांडलं की तो काठाने, उथळ पाण्यात उभं राहून मासे टिपणारा असावा. २०२२ मध्ये दोन्ही बाजूंनी निबंध आले. फाब्री आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच प्राण्यांच्या हाडांची घनता तपासून म्हटलं की अशी भरीव हाडं पाण्यात बुडी मारणाऱ्यांची असतात. पॉल सेरेनो आणि सहकाऱ्यांनी संगणकावर पूर्ण शरीर उभं करून दाखवलं की खोल पाण्यात तो डळमळला असता आणि त्याचा वेगही बेताचाच असता. त्यांच्या हिशोबाने लांबी साधारण १४ मीटर. गंमत म्हणजे ज्या प्राण्याबद्दल हा वाद आहे, तो मासे खायचा यावर दोघांचंही एकमत आहे.

म्हणून संग्रहात मी दोन्ही पवित्रे ठेवतो. कलेक्टा कंपनीने या प्राण्याची एकाहून जास्त रूपं काढली आहेत, चालणारंही आणि पोहणारंही. ती शेजारी ठेवली की हा सगळा वाद एका फळीवर येतो.

मोजपट्टी

अभियंता आहे, त्यामुळे माझा रस मापात. डब्यावर १:४० लिहिलेलं असतं, पण तपासून कोण बघतं? करायला सोपं आहे. शिंप्याची टेप नाकापासून पाठीवरून शेपटीच्या टोकापर्यंत वळणावळणाने फिरवा, कारण शेपूट वळलेली असते आणि पट्टीने सरळ मोजलं तर लांबी कमी भरते. १४ मीटरचा प्राणी १:४० ला ३५ सेंमी यायला हवा. माझ्याकडची एक २० सेंमीची आहे, म्हणजे प्रत्यक्षात १:७०.

आता शीड. सर्वांत लांब काटा १.६५ मीटर, म्हणजे १:७० ला जेमतेम २.४ सेंमी. त्यातलाही बुडाचा थोडा भाग पाठीच्या स्नायूंत जाणार. माझ्या फिगरचं शीड भरलं ५ सेंमी! दुपटीहून जास्त. शीड हीच या प्राण्याची ओळख आहे, म्हणून कारागीर ते वाढवतात असं वाटतं. पाठकणा, तुमच्या पारखीत शिडाची उंची घ्याच.

पाठकणा

मोजपट्टी, हे भारी आहे. मी डोळ्यांनीच अंदाज करत होतो, आता टेप काढतो. शिडाच्या आकाराबद्दल एक भर: जुन्या फिगरमध्ये ते सरळ अर्धगोल असतं. २०१४ च्या निबंधातल्या चित्रात मध्ये खोलगट होतं, आणि त्यानंतरच्या काही फिगरमध्ये तो खोलगटपणा आला. शिक्क्यावरचं वर्ष पुसट असेल तर शिडावरूनही काळाचा अंदाज येतो.

रानजाई

मी रंगकाम करते, म्हणून थोडं प्लास्टिकबद्दल.

या फिगर बहुतेक पीव्हीसीच्या असतात. दोन पायांवर उभ्या असणाऱ्या फिगरचे घोटे उन्हाळ्यात मऊ पडतात आणि काही महिन्यांत त्या पुढे झुकतात. स्पायनोसॉरसचं डोकं लांब आणि छाती जड, त्यामुळे तो तर तोंडावरच येतो. विदर्भातल्या घरात एप्रिल-मेमध्ये काचेच्या कपाटात ऊन येत असेल तर विचारूच नका. उपाय असा: पाणी चांगलं गरम करायचं, उकळतं नको, वाकलेला पाय त्यात थोडा वेळ धरायचा, मऊ झाला की हवा तसा वळवायचा आणि लगेच थंड पाण्यात बुडवून तसाच धरून ठेवायचा. सगळी फिगर बुडवू नका. पोकळ असेल तर आत पाणी राहतं, आणि रंगावरही विश्वास नको.

जुनी फिगर चिकट लागायला लागली तर ती घाण नसते. प्लास्टिक मऊ ठेवायला घातलेलं द्रव्य बाहेर येतं. भांडी घासायच्या सौम्य साबणाने कोमट पाण्यात धुवा, सावलीत वाळवा आणि हवाबंद डब्यात ठेवू नका. अशी जुनी, कंपनीचा पत्ता नसलेली खेळणी तोंडात घालणाऱ्या बाळांपासून दूर ठेवलेली बरी.

आणि नव्या शेपटीबद्दल. २०१९ च्या आसपासची फिगर असेल आणि जुनी शेपूट खटकत असेल तर ती बदलता येते. मी एकावर केलंय. शेपटीच्या वर आणि खाली बारीक तांब्याची तार रोवली, एम-सीलचे पातळ थर चढवले, ओलं असतानाच टूथपिकने काट्यांच्या उभ्या रेघा ओढल्या. घट्ट झाल्यावर बारीक पॉलिश पेपर, मग ॲक्रिलिक रंग. एकदम जाड थर दिला तर शेपूट जड होऊन फिगर मागे कलंडते, त्यामुळे दमाने घ्यायचं. शेपटीच्या बुडाशी उंची कमी ठेवून मागे वाढवत न्या. तिथे घाई केली की ती चिकटवलेली दिसते.

पाठकणा

रानजाई, फोटो हवेतच! पण एक कळकळीची विनंती: जी फिगर आता बाजारात मिळत नाही, तिला हात लावू नका. सहज मिळणाऱ्यावर खुशाल प्रयोग करा. २०१९ ची मूळ शेपूट असलेली फिगर मला स्वतःला फार मोलाची वाटते. नवी शेपूट जाहीर व्हायच्या जेमतेम वर्षभर आधीचं आपलं ज्ञान तिच्यात जसंच्या तसं आहे.

गोदाकाठ

खरेदीबद्दल कुणी बोललंच नाही, म्हणून मी बोलतो, कारण खरा जीव तिथे जातो. परदेशातून मागवलेल्या खेळण्यांवरचं सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. शिवाय २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. देशी उद्योगासाठी ते केलं असेल, माझी तक्रार नाही, पण आपल्यासारख्यांना किंमत जड जाते. मागवण्याआधी त्या वेळचा दर बघा आणि डाकखर्च धरून हिशोब करा. मी आता परदेशातला भाचा सुट्टीत येतो तेव्हाच त्याच्या बॅगेत एखादी मागवतो.

नकलाही पुष्कळ आहेत. एका ऑनलाइन विक्रेत्याने मला नामांकित कंपनीची म्हणून जी पाठवली, तिच्या पोटावर शिक्का घासून काढल्याची जागा दिसत होती आणि जबड्याची जोडरेघ गालापर्यंत उघडी होती. पैसे परत मिळाले, पण महिना गेला. पोटाचा आणि जबड्याचा जवळून फोटो मागितल्याशिवाय पैसे देऊ नका. देत नसेल तर सोडून द्या.

नवीसंग्राहक

सगळं एका बैठकीत वाचलं. मलाही एकाच प्रजातीचं करावंसं वाटतंय, पण मला आपला राजासॉरस हवा आहे. नर्मदेकाठचा म्हणून. जमेल का?

पाठकणा

जमेल, पण संग्रह लहान राहील हे धरून चला. राजासॉरस नर्मदेन्सिसला नाव मिळालं २००३ मध्ये. हाडं गुजरातच्या तेव्हाच्या खेडा जिल्ह्यात राहिओलीला मिळाली होती. त्यामुळे फिगर निघायला वेळच कमी मिळालाय, आणि जगभरात खप असणारे प्राणी वेगळे आहेत. माझ्या मते मोठ्या कंपन्या भारतीय डायनासोरांकडे फारच कमी बघतात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनासोरांचे अवशेष मिळाले आहेत, तरी तिथल्या शाळेतल्या मुलाच्या हातात परदेशातलाच प्राणी असतो.

संग्रह वाढवायचा असेल तर राजासॉरसचं अख्खं घराणं घ्या, म्हणजे ॲबेलिसॉरिड. मादागास्करचा माजुंगासॉरस आणि अर्जेंटिनाचा कार्नोटॉरस हे त्याचे भाऊबंद. तिन्ही शेजारी ठेवले की एकेकाळी जोडलेले भूखंड समजावून सांगायला नकाशा लागणार नाही. कार्नोटॉरसच्या फिगर भरपूर मिळतात. घेताना हात पाहा: अगदी खुजे आणि चार बोटांचे हवेत. दोन बोटांचे असतील तर कारागिराने टी-रेक्सच्या अंगावर शिंगं बसवली आहेत असं समजा.

मोजपट्टी, तुमच्या सांगण्याप्रमाणे सहा फिगर टेपने मोजल्या. पीएनएसओची शिडाच्या बाबतीत सगळ्यांत जवळ आली. जत्रेतल्याचं शीड अपेक्षेच्या तिप्पट निघालं. पूर्ण तक्ता रविवारी टाकतो. मिशिगनकाठ, परत म्युझियममध्ये गेलात तर खालून मागच्या पावलाचा एक फोटो नक्की काढा. चौथं बोट प्रतिकृतीत किती लांब धरलंय ते मला बघायचंय, रानजाईंनाही पुढच्या कामाला उपयोग होईल.